फॅशनचा ट्रेंड ओळखायचा कसा, आणि हे फोरकास्टिंगवाले नक्की करतात तरी काय

दुकानात आज हँगरवर जो ड्रेस दिसतोय ना, त्याचा रंग साधारण दीड-दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी ठरवून टाकलेला असतो. तो तुम्हाला आवडणार की नाही हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं, पण सूत रंगवणाऱ्याने त्यावर पैसे लावले होते. ट्रेंड फोरकास्टिंगचा, म्हणजे पुढे काय चालणार याचा आधीच अंदाज बांधायचा सगळा धंदा या एकाच अडचणीतून आलाय, की कपडा बनायला वेळ लागतो आणि लोकांचं मन फिरायला लागत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं पटापट कळतं, नाहीतर मग यंदा हे इन, ते आउट अशा याद्या वाचत बसायचं आणि तीन महिन्यांनी परत नवी यादी.

तर हे फॅशन शिकणाऱ्यांसाठी, स्वतःचं छोटं लेबल किंवा बुटीक चालवणाऱ्यांसाठी, आणि एकच गोष्ट एकदम सगळ्यांच्या अंगावर कशी काय दिसायला लागते असा प्रश्न पडणाऱ्या कुणाहीसाठी.

आधी कॅलेंडर समजून घ्या

कपड्याचा प्रवास उलट्या बाजूने बघा. दुकानात माल लागायच्या आधी तो शिवून यायला हवा, त्याच्या आधी सॅम्पल पास व्हायला हवं, त्याच्या आधी कापडाची ऑर्डर, कापडाआधी सूत आणि सुताआधी रंग. म्हणून रंग सगळ्यात आधी ठरतो, आणि बटणं, लेस, पट्ट्या असल्या गोष्टी अगदी शेवटपर्यंत बदलता येतात. इंटरकलर नावाची एक आंतरराष्ट्रीय मंडळी आहे, १९६३ पासूनची, वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि साधारण दोन वर्षं पुढच्या सीझनच्या रंगांवर चर्चा करून एक पॅलेट म्हणजे रंगांचा संच ठरवतात. मग येतात सुताची प्रदर्शनं, त्यात फ्लॉरेन्सचं पित्ती फिलाती सगळ्यात नावाजलेलं. त्यानंतर कापडाची, आणि त्यात मोठं नाव प्रीमियर व्हिजनचं, जे १९७३ मध्ये ल्योंच्या १५ विणकर कंपन्यांनी सुरू केलं आणि आता पॅरिसला भरतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे कापड मांडलं होतं ते २०२६ च्या उन्हाळ्याचं. त्याच उन्हाळ्याचे कपडे रनवेवर, म्हणजे फॅशन शोमध्ये दिसले २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि दुकानात २०२६ उजाडल्यावर.

आता यातून एक गोष्ट कळते जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, की रनवे ही ट्रेंडची सुरुवात नसून मधला टप्पा आहे. फॅशन वीकला चार डिझायनरांनी एकाच छटेचा हिरवा दाखवला की लोक म्हणतात अरे बापरे काय योगायोग, कुणी कुणाची कॉपी केली? कुणीच नाही केली. चौघांनी त्याच प्रदर्शनांतून, त्याच गिरण्यांकडून कापड उचललं होतं.

या वेळेच्या अडचणीवर दोनच उपाय आहेत. एक म्हणजे आधीच चांगला अंदाज बांधा, दुसरा म्हणजे वेळच कमी करा. बेनेटनने स्वेटर आधी विणून ठेवायचे आणि रंग मागून द्यायचा अशी पद्धत आणली ती याचसाठी, म्हणजे रंगाचा निर्णय शेवटपर्यंत हातात राहतो. झारा बरंचसं कापड न रंगवता ठेवते आणि डिझाइनपासून दुकानापर्यंत काही आठवड्यांत पोचते. शीन तर १००-२०० नगच बनवून साइटवर टाकते, चाललं तर आणखी, नाही चाललं तर विषय संपला. तिथे अंदाजाची जागा चाचणीने घेतलीय. पण सगळ्यांना हे परवडत नाही, आणि सूत-कापडवाल्यांना तर शक्यच नाही, त्यामुळे फोरकास्टिंग काही कुठे जात नाहीये.

हा उद्योग आला कुठून

थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धाच्या आधी अमेरिकेतले कापडवाले पॅरिसहून येणारी रंगांची कार्डं बघून रंग ठरवायचे आणि चांगले कृत्रिम रंग यायचे जर्मनीतून. युद्ध सुरू झालं आणि हे सगळं अडकलं. मग तिथल्या लोकांनी स्वतःची संस्था काढली आणि १९१५ मध्ये स्वतःचं रंगांचं प्रमाण कार्ड छापलं, म्हणजे गिरणीवाला, टोपीवाला, बूटवाला सगळे एकाच नंबरच्या रंगावर बोलतील. मार्गारेट हेडन रॉर्क नावाच्या बाई पुढे कित्येक वर्षं ती संस्था चालवत होत्या आणि पुढच्या सीझनला कुठले रंग येणार हे त्यांच्या कार्डावरून ठरायचं. नंतर १९६० च्या दशकापासून पॅरिसमध्ये प्रोमोस्टिल, पेक्लेर, नेली रोदी अशा एजन्स्या उभ्या राहिल्या, त्या जाडजूड ट्रेंड बुक काढायच्या, त्यात कापडाचे तुकडे चिकटवलेले, सुताचे नमुने, स्केचेस, आणि किंमत अशी की छोट्या माणसाने लांबूनच नमस्कार करावा. १९९८ मध्ये लंडनला डब्ल्यूजीएसएन ही फोरकास्टिंग कंपनी आली आणि त्यांनी हे सगळं इंटरनेटवर वर्गणीवर टाकलं. आता ह्यूरिटेकसारख्या कंपन्या सोशल मीडियावरचे फोटो एआयने वाचून कुठल्या बाहीचं, कुठल्या प्रिंटचं प्रमाण वाढतंय ते मोजतात.

यातली गंमत अशी की एकाच रिपोर्टचे हजारो ग्राहक असतात. सगळ्यांनी वाचलं की पुढच्या हिवाळ्यात चॉकलेटी, गिरण्यांनी चॉकलेटी रंगवला, ब्रँडांनी चॉकलेटी उचलला, आणि गिऱ्हाईक दुकानात गेलं तर समोर चॉकलेटीच. घेतलं त्याने. फोरकास्ट बरोबर आलं! म्हणजे ते भाकीतही आहे आणि थोडी ऑर्डरही आहे. रंगाच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं, कारण रंग बदलायला गिऱ्हाइकाला काही त्रास नसतो.

पण म्हणून लोकांच्या गळ्यात काहीही मारता येतं असं समजू नका. १९७० चं मिडी प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा नीट वाचावं. तोपर्यंत मिनी जोरात होती, आणि फॅशनच्या धंद्याने ठरवलं की आता स्कर्ट पोटरीपर्यंत खाली येणार. विमेन्स वेअर डेली या धंद्याच्या पेपरचे जॉन फेअरचाइल्ड त्याच्या मागे हात धुऊन लागले होते, मोठ्या दुकानांनी माल भरला, आणि बायकांनी घेतलाच नाही. चक्क विरोधी गट निघाले, निषेध झाले. कित्येकींनी मिडी की मिनी या भांडणात न पडता सरळ पँट घेतली. दुकानदार आणि कारखानदार दोघांचे पैसे बुडाले. आणि मजा म्हणजे पुढच्या काही वर्षांत स्कर्टची लांबी खाली आलीच, हळूहळू, आपल्या मर्जीने. म्हणजे दिशा बरोबर होती, वेग चुकला. माझ्या मते फोरकास्टिंगमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात, काय येणार ते बरोबर असतं पण कधी येणार आणि कुणाकडे येणार यात गडबड होते. त्यामुळे कुणी तुम्हाला "हे येणार" म्हणालं की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा, कुणासाठी आणि केव्हा?

पँटोन या रंगांना प्रमाण नंबर देणाऱ्या कंपनीच्या कलर ऑफ द इयरबद्दल, म्हणजे वर्षाच्या रंगाबद्दल पण इथेच बोलून घेते कारण दर डिसेंबरला त्यावर चर्चा होते. २००० साठी सेरुलियन निळा होता तो पहिला, २०२१ ला राखाडी आणि पिवळा असे दोन दिले, २०२५ ला मोका मूस, २०२६ ला क्लाउड डान्सर म्हणजे पांढरा. आता वरचं कॅलेंडर आठवा. डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या रंगावर त्याच उन्हाळ्याचं कापड रंगवायला वेळ कुठे आहे, ते तर आधीच रंगून, विणून बसलेलं असतं. म्हणून ती घोषणा मी मूड कळण्यासाठी वाचते, मार्केटिंगला उपयोगी आहे, सोशल मीडियावर पोस्ट टाकायला झकास आहे, पण त्यावरून कापडाची ऑर्डर देऊ नका.

फॅड कुठला आणि ट्रेंड कुठला

सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, हीच तर खरी पंचाईत. काही आठवडे किंवा एक-दोन सीझन टिकला तर फॅड, काही वर्षं चालला तर ट्रेंड, आणि जायचं नावच घेत नाही तो क्लासिक, जसे ट्रेंच कोट किंवा फ्रेंच नौदलाचे १८५८ पासूनचे निळे-पांढरे पट्टे. पण ही वर्गवारी मागे वळून बघताना सोपी असते. आज, आत्ता कसं ओळखायचं?

मी तीन गोष्टी बघते. पहिली, ती गोष्ट एकाच वस्तूत अडकलीय का वेगवेगळ्या वस्तूंत पसरतेय? सैल आकार बघा, तो जीन्समध्ये आला, मग फॉर्मल पँटमध्ये, मग जॅकेटचे खांदे रुंद झाले, शर्ट मोठे झाले, बूटसुद्धा जाडजूड झाले. एवढ्या ठिकाणी एकच कल्पना उगवली की समजायचं खोल काहीतरी हललंय. याउलट एक विशिष्ट बॅग, एक विशिष्ट चप्पल, एक व्हायरल टॉप, हे फॅडच्या बाजूचं. दुसरी, तिचं नाव आणि उगम एकच आहे का? मागे 'कोअर' लावलेली जी नावं (कॉटेजकोअर वगैरे) दर पंधरा दिवसांनी निघतात त्यातली बरीचशी म्हणजे जुन्याच कपड्यांना नवा टॅग असतो, नाव जितकं पटकन पसरतं तितके लोक ते कपडे विकत घेतातच असं नाही. तिसरी, माणसाच्या कपाटावर तिचा काय परिणाम होतो? स्किनी जीन्स घेतली की लांब टॉप लागतात, बूट पँटच्या वर येणारे लागतात. पायाशी रुंद पँट घेतली की टॉप आखूड किंवा खोचलेला लागतो, चपलांचा आकार बदलतो. अशी जी गोष्ट आपल्यासोबत बाकीच्या गोष्टी ओढून आणते ती यायला वेळ लावते पण आली की मुक्काम करते. स्किनी २००५-०६ च्या आसपास सगळीकडे पसरली आणि दशकभराहून जास्त बसून राहिली ती यामुळेच, लोकांनी अख्खं कपाट तिच्याभोवती बांधलं होतं.

वरून खाली का खालून वर

जुनी समजूत अशी होती की फॅशन श्रीमंतांकडून खाली झिरपते. जॉर्ज झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये हे मांडलं, वरचे लोक वेगळं दिसण्यासाठी काहीतरी घालतात, खालचे नक्कल करतात, नक्कल झाली की वरचे ते टाकून नवीन धरतात, आणि चक्र चालू. १९४७ च्या १२ फेब्रुवारीला क्रिस्तियाँ दिओरने पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरपूर कापडाचा घोळदार स्कर्ट दाखवला आणि थोड्याच काळात सगळीकडे त्याच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, ते याचं अगदी सरळ उदाहरण. पुढे १९६३ मध्ये चार्ल्स किंगने म्हटलं की आता माध्यमं आणि मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन असताना सगळ्या थरांत एकाच वेळी पसरतं, आडवं. आणि मग खालून वर जाणारं पण आहेच. १९६० मध्ये डिझायनर इव्ह सँ लोराँने दिओरच्या ब्रँडसाठी काम करताना रस्त्यावरच्या पोरांची लेदर जॅकेटं रनवेवर आणली, गिऱ्हाईकं बिथरली. नोव्हेंबर १९९२ मध्ये डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी ग्रंज, म्हणजे रॉक बँडवाल्या पोरांच्या ढगळ-गबाळ्या कपड्यांवरून कलेक्शन केलं आणि त्याची नोकरी गेली. आज त्याच कलेक्शनचं कौतुक होतं.

याचा उपयोग काय तर, एखादी गोष्ट दिसली की ती कुठल्या दिशेने चाललीय ते लिहून ठेवायचं. पहिल्यांदा कुठे दिसली, महाग ब्रँडकडे का कॉलेजच्या पोरांत का एखाद्या खेळाडूच्या अंगावर? दुसऱ्यांदा कुठे? एका टोकाला जन्मलेली गोष्ट दुसऱ्या टोकाला दिसायला लागली, म्हणजे सेकंडहँडवाल्या पोरींकडे असलेली गोष्ट महागड्या ब्रँडने उचलली, की हालचाल खरी आहे.

नवीन गोष्ट कोण किती लवकर स्वीकारतं याची एव्हरेट रॉजर्सची १९६२ ची विभागणी पण हाताशी ठेवा, मूळची ती ग्रामीण समाजशास्त्रातली, शेतकरी नवीन बियाणं कधी स्वीकारतात वगैरे त्यावरून आलेली, पण फॅशनवाले सर्रास वापरतात. अगदी पहिले २.५ टक्के, त्यांच्या मागचे लवकर घेणारे १३.५ टक्के, मग ३४ टक्के, परत ३४ टक्के, आणि सगळ्यात उशिरा येणारे १६ टक्के. आता तुमचं गिऱ्हाईक यातलं कुठलं? बहुतेक छोट्या व्यवसायांचं गिऱ्हाईक मधल्या पहिल्या ३४ मध्ये असतं, म्हणजे तुम्हाला ट्रेंडमध्ये सगळ्यांच्या आधी उडी मारायची गरजच नाही, उलट तेव्हा मारली तर माल पडून राहील. आणि हो, एकच माणूस बुटांच्या बाबतीत पहिल्या रांगेत आणि पँटच्या बाबतीत शेवटच्या रांगेत असू शकतो, तेव्हा लोकांवर शिक्के मारू नका.

आता प्रत्यक्ष काम

एक साधी शीट उघडा. भारी सॉफ्टवेअर काही नको. त्यात ट्रेंडचं नाव लिहायचं नाही, हा माझा हट्ट आहे. "वायटूके" (म्हणजे २००० च्या आसपासची फॅशन) असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी त्याचे तुकडे करा: रंग, आकार म्हणजे सिल्हूट, कापड, प्रिंट, बारकावे म्हणजे कॉलर, बाही, कंबरेची उंची, खालची लांबी, आणि घालायची पद्धत. म्हणजे लिहायचं "कंबर खाली, कापड चमकदार, टॉप आखूड आणि पातळ." असं केलं की दिसतं की अख्खा लूक येत नाहीये, त्यातला एखादाच तुकडा येतोय. जुन्या फॅशन परत येतात तेव्हा तर हे फारच दिसतं. खाली कंबर परत आली पण पाय घट्ट नव्हते, सैल होते. जशीच्या तशी परत आलेली फॅशन मी तरी बघितली नाही.

प्रत्येक नोंदीला तारीख, कुठे दिसलं, कुणाच्या अंगावर आणि कुठल्या किमतीच्या थरात, महाग, मधलं, स्वस्त. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. रोज केलंत तर कंटाळून सोडून द्याल.

मग पडताळणी. किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसलेल्या, तीच गोष्ट दिसायला हवी. इथे लोक फसतात, वीस इन्फ्लुएन्सरांनी एकच जॅकेट घातलं तर ती वीस ठिकाणं नाहीत, एका ब्रँडच्या पीआरने वीस पार्सलं पाठवलीत, ते एकच ठिकाण. तसंच तुमचं फीड. तुम्ही दोन लिनन शर्ट बघितलेत की ॲप तुम्हाला दिवसभर लिननच दाखवणार आणि तुम्हाला वाटणार जग लिननमय झालंय. म्हणून अधूनमधून लॉगआउट करून शोधा, दुसऱ्याचा फोन मागा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे स्टेशनवर किंवा कॉलेजच्या गेटपाशी अर्धा तास उभं राहून मोजा, हो खरंच मोजा, शंभर जणांपैकी किती पँट रुंद, किती अरुंद. महिन्याने परत त्याच जागी, त्याच वेळी. हे मोजणं हास्यास्पद वाटतं पण फॅशनच्या अभ्यासात ही फार जुनी पद्धत आहे. १९४० मध्ये अमेरिकेत क्रोबर आणि रिचर्डसन या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी जुन्या चित्रांतून आणि फॅशन प्लेट्सवरून, म्हणजे तेव्हाच्या फॅशनच्या छापील चित्रांवरून, तीन शतकांच्या बायकांच्या पोशाखाची लांबी-रुंदी पट्टीने मोजली होती, आणि त्यातून दिसलं की आकार लहरीने उड्या मारत नाहीत, हळूहळू एका टोकाला जातात आणि मग परत फिरतात.

लोक काय शोधतायत ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे, वापरा, पण नीट वाचा. तिथला आकडा म्हणजे किती लोकांनी शोधलं तो नाही. निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू १०० धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. एक वर्षाचा ग्राफ बघून "कोट वाढतोय" म्हणाल तर तो दर हिवाळ्यात वाढतोच, त्यात काय मोठं. नेहमी पाच वर्षांचा काळ लावा आणि यंदाचा नोव्हेंबर गेल्या नोव्हेंबरशी लावून बघा. 'ब्रेकआउट' असं दिसलं तर वाढ ५००० टक्क्यांहून जास्त, ऐकायला भारी, पण कालपर्यंत कुणी शोधतच नव्हतं त्याचे टक्के असेच फुगतात. पिंटरेस्टवरचा शोध थोडा आधीचा इशारा देतो कारण तिथे लोक लग्न, सुट्टी, घर यांचं प्लॅनिंग करायला जातात, घ्यायच्या आधी साठवून ठेवतात. (जाता जाता, २००० च्या ग्रॅमी सोहळ्यातल्या जेनिफर लोपेझच्या हिरव्या व्हर्साचे ड्रेसचा फोटो लोकांनी इतका शोधला की गूगलला इमेज सर्च सुचण्यामागे ते एक कारण होतं असं गूगलच्याच प्रमुखाने नंतर लिहिलं. कपड्याने टेक्नॉलॉजीला ढकलल्याचं उदाहरण, नेहमी उलटंच ऐकतो आपण.)

यानंतरचा प्रश्न, का? काय दिसतंय हे कुणीही सांगेल, का दिसतंय ते सांगता आलं की ते टिकणार का याचा अंदाज येतो. समाज, टेक्नॉलॉजी, पैसा, पर्यावरण, राजकारण या पाच बाजूंनी कारणं शोधा. व्यायामाचे कपडे रोजच्या वापरात आले ते बघा, ताणलं जाणारं चांगलं कापड आलं, ऑफिसांचे ड्रेस कोड सैल झाले, फिटनेस ही दाखवायची गोष्ट झाली, लुलुलेमन ही कंपनी १९९८ पासून हे विकत होतीच, आणि २०२० मध्ये सगळे घरी बसल्यावर उरलीसुरली लाज पण गेली. चार कारणं एका दिशेला ढकलत होती म्हणून ते फॅड ठरलं नाही. मात्र एकाच कारणावर सगळं टांगू नका. अर्थव्यवस्था वर की स्कर्ट वर, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. २०१० मध्ये रॉटरडॅमच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९२१ पासूनचे आकडे घेऊन ते तपासलं, तर संबंध सापडला पण स्कर्ट अर्थव्यवस्थेच्या साधारण तीन वर्षं मागे चालत होता. तीन वर्षं! तेवढ्यात तुमचं कापड जुनं होऊन जाईल.

जुनं परत कधी येतं यासाठी जेम्स लेव्हर या ब्रिटिश पोशाख-इतिहासकाराने १९३७ मध्ये एक गमतीशीर पट्टी मांडली होती. एखादा कपडा त्याच्या काळाच्या दहा वर्षं आधी असभ्य, त्याच्या काळात स्मार्ट, एक वर्षाने गबाळा, दहा वर्षांनी भयानक, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीचा, शंभर वर्षांनी रोमँटिक आणि दीडशे वर्षांनी सुंदर. आता हे चक्र बरंच आखडलंय, वीस वर्षं पूर्वी हास्यास्पद होती तिथे आता हवीहवीशी वाटतात. कारण साधं आहे, ज्यांनी तो काळ अंगावर घातला नाही त्या पोरांना त्याची लाज वाटत नाही, आणि तेव्हा लहान असलेले लोक आता डिझाइनच्या खुर्चीत बसलेत.

पैसे किती लावायचे

इथे मी सरळ सल्ला देते. रंग हा सगळ्यात स्वस्त जुगार आहे, चालणाऱ्या पॅटर्नमध्येच नवीन रंग टाकायचा, चुकला तर सेलमध्ये निघतो. प्रिंट त्याहून थोडा धोक्याचा कारण प्रिंट लोकांच्या लक्षात राहतो आणि दुसऱ्या सीझनला जुना दिसतो. सिल्हूट सगळ्यात महाग, पॅटर्न नव्याने कापायचा, फिटिंग परत, साइझ चार्ट परत, शिवणाऱ्यांचा हात बसायला वेळ. म्हणून सिल्हूटच्या बाबतीत खात्री होईपर्यंत थांबा, रंगाच्या बाबतीत लवकर हात घाला. बहुतेक माल नेहमी चालणारा ठेवा, थोडा माल पडताळून बघितलेल्या ट्रेंडचा, आणि अगदी मूठभर नग ज्याची खात्री नाही पण मन म्हणतंय त्याचे. मूठभर म्हणजे बुडाले तरी झोप लागेल इतके.

मग सेल-थ्रू, म्हणजे आलेल्या मालातला किती विकला गेला, ते बघा. १०० नग आले आणि महिन्यात ६० पूर्ण किमतीला गेले तर ६० टक्के. पूर्ण किमतीला हे महत्त्वाचं, निम्म्या किमतीत गेलेला माल ट्रेंड होता असं स्वतःला समजावू नका. कुठला साइझ आधी संपला तेही बघा, कधीकधी डिझाइन पडतच नाही, मधले साइझ संपून कडेचे उरतात आणि आपण डिझाइनला दोष देतो. आणि सीझन संपला की शीटमधल्या जुन्या नोंदींसमोर लिहायचं, आलं, नाही आलं, उशिरा आलं. मोठ्या एजन्स्यांच्या फुकट मिळणाऱ्या याद्या पण जपून ठेवा आणि वर्षाने उघडून बघा. कोण कशात बरोबर येतं ते कळतं, कुणाचा रंगात हात बसलेला असतो, कुणाचा आकारात.

बाहेर कधी पडायचं

यावर फारसं कुणी बोलत नाही, सगळे आत कसं शिरायचं तेच सांगतात. ट्रेंड उतरायला लागल्याच्या खुणा मी अशा धरते. ती गोष्ट महाग, मधल्या आणि स्वस्त तिन्ही थरांत एकाच वेळी दिसते. तिच्यावर मीम्स यायला लागतात, सुरुवातीचे विनोद नवलाईचे असतात, नंतरचे वैतागाचे असतात, फरक ओळखता येतो. गूगलचा ग्राफ गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याएवढाच किंवा किंचित खाली असतो, तरी दुकानं भरलेलीच असतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे ज्यांच्या अंगावर ती तुम्हाला पहिल्यांदा दिसली होती तेच लोक नेमकं उलटं काहीतरी घालायला लागतात, रुंदवाले अरुंद, फिकटवाले भडक. शीटमध्ये पहिल्या नोंदींत कोण होतं ते लिहिलेलं असतं ते यासाठीच, त्यांच्याकडे परत जाऊन बघा.

या खुणांपैकी दोन दिसल्या की नवीन कापड घ्यायचं बंद, आहे तेवढं शिवून संपवायचं. तीन दिसल्या की शिवणंही थांबवायचं आणि उरलेला माल सेलची वाट न बघता आत्ताच थोडा किंमत कमी करून काढायचा, कारण सीझनच्या शेवटी सगळेच तो काढायला बसतात आणि तेव्हा निम्म्या किमतीतही कुणी हात लावत नाही.